'आगामी' : छापून न आलेल्या पुस्तकांचा इतिहास

परतवाड्याच्या एका झेरॉक्सच्या दुकानात काम करणाऱ्या तरुणाने गेल्या वर्षी मला आपली वही दाखविली. वही कथांची होती. वहीतले लेखन कच्चे होते. परंतु कच्चेपणातही जगलेल्या माणसाचा आवाज होता. मला विचार करायला लावले ते वहीच्या शेवटच्या पानाने. त्या पानावर त्याने ठळक अक्षरात 'आगामी' असा मथळा घातला होता आणि खाली तीन कादंबऱ्यांची नोंद केली होती. पहिली मेळघाटातून लाकूड घेऊन येणाऱ्या आणि इथल्या डेपोवर ते उतरविणाऱ्या हमालांची. दुसरी मूर्तिजापूरहून अचलपूरला येणाऱ्या आणि आता बंद पडलेल्या 'शकुंतला' या अरुंद रुळांच्या गाडीची. तिसरी १९५६ साली धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या आजीच्या पिढीची. तिन्ही मिळून एकच कथा व्हायची होती. एकाही पुस्तकाचे पहिले प्रकरण अजून लिहून झालेले नव्हते.

मी हसलो असेन. त्याने ते पाहिले आणि म्हणाला, "सर, लोक हासतात मले. पन लिहून नाही ठेवलं तं मीच इसरून जाईन."

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. ज्याच्याजवळ प्रकाशक नाही, पैसा नाही, आडनावाला वाङ्मयीन वजन नाही, अशा माणसाने आपल्या न लिहिलेल्या पुस्तकांची घोषणा करावी, याला आपण काय म्हणणार? आत्मप्रौढी म्हणणार? हौस म्हणणार? मला वाटते, असे म्हणण्यापूर्वी आपण आपल्याच वाङ्मयाच्या इतिहासाकडे पाहिले पाहिजे. छापून आलेल्या पुस्तकांचा इतिहास आपण थोडाफार लिहिला आहे. ज्यांची घोषणा झाली, परंतु जी वेळेवर छापली गेली नाहीत, अर्धी राहिली, किंवा ज्यांची घोषणाही छापू दिली गेली नाही, अशा पुस्तकांचा इतिहास मात्र आपण लिहिलेला नाही. तो लिहिला तर एक गोष्ट स्पष्ट होईल. या समाजात लेखकाचा 'संकल्प' हीदेखील मालमत्तेसारखीच विषम वाटलेली वस्तू आहे.

पुस्तकाची योजना करायला प्रतिभा लागते. ती पार पाडायला मात्र छापखाना लागतो, कागद लागतो, वेळ लागतो, आणि पहिले पुस्तक विकले गेले नाही तरी दुसरे लिहिता येईल इतका श्वास लागतो. हा श्वास कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

उदाहरण याच गावचे घेऊ. परतवाडा ही मूळची इंग्रजांची छावणी. एलिचपूर कॅम्प म्हणून ती ओळखली जाई. या परतवाड्यात १९१६ साली गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचा जन्म झाला. शिक्षण अर्धवट सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात गेले, गाडगेबाबांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा केली आणि पुढे लेखणीवरच जगले. 'शितू', 'पडघवली', 'माचीवरला बुधा' या त्यांच्या कादंबऱ्या प्रसिद्धच आहेत. त्यांनी शिवकालावर पाच कादंबऱ्यांची माळ गुंफली. 'बया दार उघड', 'हर हर महादेव', 'दर्याभवानी', 'झुंजार माची' आणि 'हे तो श्रींची इच्छा' या पाचही कादंबऱ्या पूर्ण झाल्या, छापल्या गेल्या, वाचल्या गेल्या. दांडेकरांचे कष्ट खरे होते आणि त्यांची भटकंतीही खरी होती. त्यांचे श्रेय काढून घेण्याचा इथे हेतू नाही. मुद्दा इतकाच की, पाच पुस्तकांचा संकल्प करणारा लेखक आणि तो संकल्प झेलणारे प्रकाशक, मासिके, ग्रंथालये व वाचकवर्ग यांची सांगड तिथे बसली. त्याच गावच्या डेपोवर ओझी वाहणाऱ्याच्या नातवाला ती सांगड अजून शोधावी लागते आहे.

आणि सांगड बसली तरी तिची किंमत द्यावी लागते, हे वऱ्हाडनेच पाहिले आहे. अमरावतीचे उद्धव शेळके यांची 'धग' १९६० साली आली. कष्टकरी शिंपी कुटुंबातील कौतिक, तिचा महारोगाने खचत जाणारा नवरा महादेव आणि त्या घराची होरपळ शेळक्यांनी वऱ्हाडी बोलीत उभी केली. मराठी कादंबरीला तिने वेगळे वळण दिले. परंतु लेखणीवरच चूल पेटवायची म्हटल्यावर शेळक्यांना पुढे बाजाराच्या मागणीप्रमाणे भराभर कादंबऱ्या लिहाव्या लागल्या. समीक्षकांनी त्याबद्दल त्यांना बोल लावला. 'धग'च्या तोडीची आणखी किती पुस्तके त्या घाईत मनातल्या मनात राहिली असतील, हा प्रश्न मात्र समीक्षेने फारसा विचारला नाही.

हा प्रश्न विचारायचा तर महात्मा फुले यांच्यापासून सुरुवात करावी लागते. जोतीरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एका अडाणी शेतकरी जोडप्याला जोशीबुवा कसे लुबाडतो आणि शिक्षणाने त्यांचे डोळे कसे उघडतात, हा त्याचा विषय. त्यांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते स्वीकारले नाही. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनीच पुढे लिहून ठेवले आहे. नाटक बाजूला पडले. काही वर्षांनी त्यांनी दुसरे पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापले. 'तृतीय रत्न' मात्र प्रसिद्ध झाले ते १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक'मध्ये. म्हणजे लिहिल्यावर १२४ वर्षांनी! मराठी नाटकाचा जो इतिहास या मधल्या काळात लिहिला गेला, त्यात हे नाटक असणे शक्यच नव्हते. एका कमिटीच्या नकाराने केवळ एक पुस्तक अडले नाही. एका वाङ्मयप्रकाराचा आरंभबिंदूच इतिहासातून गळाला.

'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ १८८३ साली पूर्ण झाला. त्याची दोन प्रकरणे 'दीनबंधू'त आली आणि पुढची थांबली. आपल्याच बाजूचे पत्र आपला ग्रंथ पुढे छापीत नाही, याची खंत जोतीरावांनी स्पष्ट शब्दात नोंदविली. मग १८८५ साली त्यांनी 'सत्सार' या नावाने स्वतःच पुस्तिका-माला सुरू केली. तिचे दोन अंक निघाले. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' तर त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये बाहेर आले. जोतीराव बांधकामाची कंत्राटे घेत, स्वतः कमवीत आणि पुस्तकावर घालवीत. स्वतंत्र लेखक म्हणजे काय याची आपल्याकडची पहिली व्याख्या हीच आहे. स्वतःच्या खर्चाने स्वतःचे सत्य छापणारा तो स्वतंत्र लेखक.

कादंबरीच्या बाबतीत हेच घडले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधू' काढला. सत्यशोधक चळवळीचे ते पहिले वृत्तपत्र. पैशाअभावी ते त्यांना चालविता आले नाही आणि १८८० मध्ये ते मुंबईला नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे गेले. याच भालेकरांनी 'बळीबा पाटील आणि १८७७ चा दुष्काळ' ही कादंबरी लिहिली. १८८८ साली ती 'दीनमित्र' मासिकातून क्रमशः येऊ लागली. हरिभाऊ आपट्यांचे 'करमणूक' साप्ताहिक सुरू झाले १८९० मध्ये. म्हणजे मध्यमवर्गीय घराची कथा 'करमणूक'मधून आठवड्याआठवड्याला वाचकांच्या हाती पडू लागण्याआधीच दुष्काळातल्या शेतकऱ्याची कथा महिन्यामहिन्याला छापली जात होती. एक कादंबरी मराठी वाङ्मयाच्या पाठ्यपुस्तकात गेली. दुसरी ग्रंथरूपाने वाचकांपुढे यायलाच पुढे फार काळ जावा लागला. दोन्हींच्या वाङ्मयीन गुणांची तुलना खुशाल करावी. परंतु दोन्हींच्या मागे उभ्या असलेल्या छापखान्यांची तुलना केल्याशिवाय ती तुलना न्यायाची होणार नाही.

या दारिद्र्यातून एक वाट मुकुंदराव पाटील यांनी काढून दाखविली. त्यांनी १९१० साली 'दीनमित्र' पुन्हा सुरू केला आणि नगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून, १९६७ साली झालेल्या आपल्या निधनापर्यंत चालविला. खेड्यात छापखाना, खेड्यातच संपादक आणि वर्गणीदारही बहुतेक खेड्यातलेच. त्यांनी अग्रलेख लिहिले, तशाच 'होळीची पोळी', 'ढढ्ढाशास्त्री परान्ने' यांसारख्या कादंबऱ्याही लिहिल्या. हाताशी स्वतःचे पत्र असल्यामुळे पुढचे प्रकरण छापू की नको, हे दुसऱ्या कोणाला विचारण्याची गरज त्यांना पडली नाही. लेखकाचे स्वातंत्र्य हे अशा ठिकाणी प्रत्यक्ष दिसते.

अस्पृश्य समाजाची स्थिती याहूनही बिकट होती. सत्यशोधक शेतकऱ्याजवळ थोडी तरी जमीन होती; महारवाड्यातल्या माणसाजवळ वतनाची चाकरी होती, आणि ती चाकरी म्हणजेच गुलामी होती. तरीही नागपूरकडे मोहप्याच्या किसन फागू बनसोडे यांनी छापखान्याचे महत्त्व फार लवकर ओळखले. त्यांनी १९१० च्या सुमारास स्वतःचा छापखाना घातला. 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' आणि 'चोखामेळा' ही पत्रे त्यांनी एकामागून एक काढली. एक पत्र बंद पडले की काही वर्षांनी दुसरे काढावयाचे! ही नावे ओळीने वाचली की त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा अधिक बोलक्या वाटतात. त्या जागांत कर्ज आहे, थकलेली वर्गणी आहे, आणि निघू न शकलेले अंक आहेत.

मग १९२० साल उजाडले. ३१ जानेवारीला बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला. छत्रपती शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. या पत्राची जाहिरात 'केसरी'कडे पाठविण्यात आली, जाहिरातीचे पैसे देण्याची तयारी होती, तरी 'केसरी'ने ती छापली नाही. या घटनेचा अर्थ आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. अग्रलेखावर मतभेद असू शकतात. परंतु इथे मताचा प्रश्नच नव्हता. अमुक नावाचे पत्र निघणार आहे, एवढीच ती बातमी होती. म्हणजे 'आगामी' हा शब्द उच्चारण्याचा अधिकारही पैसे देऊन मिळत नव्हता. सार्वजनिक विहिरीवर जसे पाणी नाकारले जात होते तशीच वर्तमानपत्राच्या स्तंभात जागा नाकारली जात होती.

बाबासाहेबांच्या ग्रंथांचा इतिहास या दृष्टीने वाचला म्हणजे अंगावर काटा येतो. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि त्यांच्या भाषणातील विचार पचले नाहीत म्हणून अधिवेशनच रद्द केले. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. इंग्रजी आवृत्तीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. त्या पुस्तकाची किंमत आठ आणे होती. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्याचे परीक्षण लिहिताना ही किंमत दोन आणे, निदान चार आणे करावी, अशी सूचना केली. ही सूचना सद्भावनेची असेल. गरीब वाचकापर्यंत पुस्तक पोहोचावे, असेच त्यांना वाटले असेल. पण व्यासपीठ नाकारल्यावर लेखकालाच छपाईचा भार उचलावा लागला होता, हा हिशेब त्या सूचनेत कुठे आहे? जो स्वतःच प्रकाशक आहे, त्याच्या पुस्तकाच्या किंमतीत पुढच्या पुस्तकाचे भांडवल असते. किंमत उतरवा असे सांगणे सोपे आहे. पुढच्या पुस्तकाचा कागद कोण आणणार, हे सांगणे कठीण आहे.

वीस वर्षांनंतर, घटनेचे शिल्पकार आणि केंद्रीय मंत्री होऊन गेल्यावरही, बाबासाहेबांना हाच प्रश्न पडला होता. १४ सप्टेंबर १९५६ रोजी, दीक्षेच्या बरोबर एक महिना आधी, त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या छपाईला सुमारे वीस हजार रुपये लागणार होते. हा खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, तेव्हा सरकारने ग्रंथालयांसाठी पाचशे प्रती घ्याव्यात, अशी त्यांची विनंती होती. बुद्धजयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, असे उत्तर त्यांना मिळाले आणि पत्र डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे पाठविण्यात आले. सरकार त्या वर्षी बुद्धाची अडीच हजारावी जयंती साजरी करीत होते. बुद्धाला या भूमीत पुन्हा जिवंत करणाऱ्या ग्रंथासाठी मात्र खात्यावर पैसे शिल्लक नव्हते.

या ग्रंथाला बाबासाहेबांनी ६ एप्रिल १९५६ या तारखेची एक प्रस्तावना लिहिली होती. तिच्यात त्यांनी आपली योजना सांगितली आहे. हा ग्रंथ तीन ग्रंथांच्या संचातला एक आहे. दुसरा बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावर, तिसरा प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती यांच्यावर. त्यांचे काही भाग लिहून झाले आहेत आणि ते लवकरच प्रसिद्ध करता येतील अशी आशा आहे, असा तिचा आशय. ही बाबासाहेबांची 'आगामी' यादी. ५ डिसेंबरच्या रात्री, अखेरच्या रात्री, ते याच ग्रंथाच्या प्रस्तावनेवरून नजर फिरवीत होते. ग्रंथ निघाला १९५७ मध्ये. ती प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापली गेलीच नाही. म्हणजे ग्रंथकार गेला, नियोजित दोन ग्रंथ अपुरे राहिले, आणि ते नियोजित होते हे सांगणारे पानही वाचकाच्या हाती पडले नाही!

पुढे १९७६ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे साहित्य प्रसिद्ध करण्यासाठी समिती नेमली. नागपूरचे वसंत मून यांनी त्या कामाला आपले आयुष्य वाहिले. १९७९ साली पहिला खंड निघाला. 'क्रांती आणि प्रतिक्रांती'ची उपलब्ध प्रकरणे आणि बुद्ध-मार्क्स यांच्यावरील लेखन १९८७ मध्ये तिसऱ्या खंडात आले. मधली तीस वर्षे ती हस्तलिखिते पेट्यांत पडून होती. त्यातल्या काही पुस्तकांचा नुसताच अनुक्रम सापडतो. प्रकरणांची नावे आहेत, प्रकरणे नाहीत. ज्या तीस वर्षांत आपल्या दोन पिढ्या मार्क्स की बुद्ध या वादावर भांडल्या, फुटल्या, एकमेकांना गद्दार म्हणाल्या, त्याच तीस वर्षांत त्या वादावरचे बाबासाहेबांचे लेखन बंद पेटीत होते. न छापलेल्या पुस्तकाची किंमत समाज अशी मोजतो.

आता कथा-कादंबरीकडे वळू. २ मार्च १९५८ रोजी मुंबईला दादरमध्ये पहिले दलित साहित्य संमेलन भरले. बंधुमाधव अध्यक्ष होते आणि उद्घाटक होते अण्णा भाऊ साठे. ज्याला शाळेचे तोंड जेमतेम दीड दिवस पाहायला मिळाले, जो वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईला आला, त्या माणसाने तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ मध्ये 'फकिरा' आली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. राज्य शासनाचे पारितोषिकही तिला मिळाले. आणि १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशीही न गाठता, अण्णा भाऊ दारिद्र्यात गेले. इतक्या पुस्तकांच्या लेखकाच्या घरात अखेरच्या दिवसांत अन्नऔषधाची भ्रांत असावी, याचा अर्थ काय? पुस्तके खपत होती; पण लेखक जगत नव्हता. अण्णा भाऊंनी अमुक अमुक पुस्तके लिहिली, याची यादी आपण जयंतीला वाचतो. त्यांना आणखी वीस वर्षे मिळती तर काय लिहिले असते, ती यादी कोणाकडे आहे?

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहाने १९६३ मध्ये आणि 'मरण स्वस्त होत आहे'ने १९६९ मध्ये दलित कथेला स्वतःची भाषा दिली. लघुनियतकालिकांनी आणि औरंगाबादहून डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने त्या भाषेला जागा दिली. पानतावण्यांनी लेखक-वाचक मेळावे भरविले. ज्यांना कोणी विचारीत नव्हते त्यांना पत्रे पाठवून लिहिते केले. दलित साहित्याचे मोठे श्रेय प्रतिभेला आहे तसेच या पोस्टकार्डांना आहे, हे विसरता कामा नये. 'तुमचे पुढचे लेखन कधी पाठविता?' एवढे एक वाक्यही खेड्यातल्या शाळामास्तराला वर्षभर पुरत असे.

या इतिहासात स्त्रीचे पान आणखी कोरे आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' हे आत्मकथन घरच्यांच्या नकळत लिहिले आणि वीस वर्षे लपवून ठेवले. १९८२ साली ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः येऊ लागले आणि १९८६ मध्ये त्याचे पुस्तक झाले. पुरुष लेखकाला प्रकाशक नाकारीत होता. बेबीताईंना आपण लिहितो हे घरातच सांगता येत नव्हते. परतवाड्याच्या तरुणाने निदान वहीच्या शेवटच्या पानावर 'आगामी' असे लिहिले. किती आयाबहिणींची 'आगामी' पुस्तके चुलीपुढेच मनात जुळली आणि मनातच विझली, याचा हिशेब कोणतेही सूचिपत्र देणार नाही. ज्या विषमतेविरुद्ध आपण लिहितो तीच विषमता आपल्या घरात लिहिणाऱ्या हाताचा गळा दाबते, हे कबूल केल्याखेरीज आपल्याला पुढे जाता येणार नाही.

या सगळ्यातून तीन गोष्टी निघतात, असे मला वाटते.

पहिली ही की, आपल्या परंपरेत 'आगामी'ची घोषणा ही जाहिरात नाही. तो एक सार्वजनिक करार आहे. जोतीरावांचा 'सत्सार' असो, बाबासाहेबांचा तीन ग्रंथांचा संच असो की या तरुणाच्या तीन कादंबऱ्या असोत, लेखक समाजाला सांगतो की मी एवढे काम अंगावर घेतले आहे. करार एका बाजूने होत नाही. दुसऱ्या बाजूने समाजाने काय द्यायचे, हे आपण ठरविलेले नाही.

दुसरी ही की, ज्यांच्या हाती छापण्याचे साधन होते त्यांचेच संकल्प अधिक टिकले. तरवडीचा 'दीनमित्र' टिकला, कारण साधन खेड्यात होते आणि वर्गणीदार हाताशी होते. आज छपाई पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. अक्षरजुळणी घरातल्या संगणकावर होते, शंभर प्रतीही छापून मिळतात, मोबाईलवर प्रकरण लिहून त्याच रात्री शंभर माणसांना पाठविता येते. म्हणून प्रश्न सुटला असे मात्र कोणी समजू नये. अडथळा छापखान्याच्या दारातून उठून वाचकाच्या दारात जाऊन बसला आहे. परतवाड्यात छापलेले पुस्तक अकोल्याला कोणी नेत नाही. गावच्या ग्रंथालयाच्या खरेदीयादीत ते येत नाही. परीक्षण छापून येत नाही. आणि तरीही दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीजवळ पुस्तकांची दुकाने लागतात. भाकर बांधून आलेली माणसे पोटाला चिमटा काढून तिथे पुस्तके विकत घेतात. असा बाजार मराठीत दुसऱ्या कोणत्या वाचकवर्गाने उभा केला आहे? वाचक आहे. तो वर्षातून दोनदा रस्त्यावर येऊन आपले अस्तित्व सिद्ध करतो. उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस त्याच्यापर्यंत जाण्याची वाट आपण बांधलेली नाही.

तिसरी गोष्ट हस्तलिखितांची. 'तृतीय रत्न' सापडले, बाबासाहेबांच्या पेट्या सापडल्या, म्हणून आपल्याला हानी किती होती ते कळले. जे सापडले नाही त्याची हानी कळतही नाही. प्रत्येक तालुक्याच्या विहारात, वसतिगृहात, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक कपाट असे असले पाहिजे की जिथे न छापलेल्या वह्यांची नोंद होईल आणि प्रत जपली जाईल. याला सरकारी समिती लागत नाही. एक रजिस्टर आणि एक जबाबदार माणूस पुरेसा आहे.

या विचाराने आम्ही परतवाड्यात एक लहानसा प्रयत्न केला. विहारात पंधरा दिवसांनी एक बैठक ठरविली. त्या तरुणाने डेपोच्या कादंबरीचे एक प्रकरण लिहून आणायचे आणि वाचायचे. वीस माणसांनी पुस्तकाचे पैसे आगाऊ दिले. रक्कम फार मोठी नाही, कागदापुरती आहे. पहिल्या वाचनाला डेपोवर आयुष्य घालविलेले एक म्हातारे हमाल आले होते. प्रकरण ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "बाबू, ओंडका असा नाही उचलत. खांदा आंधी द्या लागते." तरुणाने ती ओळ तिथल्या तिथे दुरुस्त केली. कुठल्या प्रकाशकाच्या संपादकाला ही चूक सापडली असती?

त्याच्या तीनही कादंबऱ्या पूर्ण होतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. लाकडाची कादंबरी पाच प्रकरणांपर्यंत आली आहे. 'शकुंतला'साठी तो मूर्तिजापूरला जाऊन जुन्या गँगमनांना भेटून आला आहे. आजीच्या कादंबरीचे मात्र त्याला भय वाटते. कारण दीक्षा घेतलेली ती पिढी आता झपाट्याने संपत चालली आहे. मी त्याला सांगितले की, ती आधी लिही. तो म्हणाला, "क्रम बदलू काय मंग?" मी म्हटले, बदल. वहीचे शेवटचे पान त्याने माझ्यासमोर उघडले, तिसऱ्या ओळीपुढे एक आकडा घातला, आणि मथळा मात्र तसाच ठेवला.